दमट उन्हाळ्यात गाईंना थंड ठेवायचं तर वारा आधी, पाणी मागून

कोरड्या उन्हाळ्यासाठी सांगितलेले उपाय दमट हवेत जसेच्या तसे केले, तर गाईला आराम पडायच्या ऐवजी तिचा त्रास वाढतो. फॉगर म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे फवारे लावले, गोठ्याच्या बाजूंना ओलं गोणपाट सोडलं, तासातासाला अंगावर पाणी मारलं, तरी दुपारी गाय तोंड उघडून धापा टाकतेच आहे, अशी तक्रार दमट भागातल्या पशुपालकांकडून सतत येते. कष्टात कुणी कमी पडलेलं नसतं. चुकतो तो क्रम. दमट हवेत गाईभोवतीची हवा आधी हलती करावी लागते आणि मगच तिच्या अंगावर पाणी घ्यावं लागतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उष्णता अडकते कुठे

गाय दिवसरात्र अंगात उष्णता तयार करत असते. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो त्यातून उष्णता निघते, दूध तयार होताना निघते. दूध जितकं जास्त, तितकी अंगातली भट्टी मोठी. म्हणून गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय उन्हाळ्यात सगळ्यात आधी कोमेजते आणि दोन लिटर देणारी गाय त्याच छपराखाली निवांत रवंथ करत बसलेली दिसते.

हवा गार असते तेव्हा ही उष्णता कातडीवरून आपसूक निघून जाते. हवेचं तापमान ३५ अंशांच्या पुढे, म्हणजे गाईच्या कातडीच्या तापमानाजवळ गेलं की तो रस्ता बंद होतो. मग घाम आणि धाप एवढंच उरतं, म्हणजे कातडीवरून आणि श्वासनलिकेतून पाण्याची वाफ होणं. १ लिटर पाणी कातडीवर पूर्ण वाळलं, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. यात ‘वाळलं’ हा शब्द कळीचा आहे. नुसतं अंग ओलं झाल्याने फारसं काही साधत नाही. पावसाळी दिवसात दोरीवरचे कपडे दिवसभर ओले राहतात, तसं दमट हवेत गाईच्या अंगावरचं पाणी वाळायचं नाव घेत नाही आणि उष्णता आत कोंडलेली राहते.

त्यातच गाईला माणसाच्या मानाने घाम फारच कमी येतो. वशिंड असलेल्या जातींना घामाच्या ग्रंथी जास्त असतात, कातडी सैल असते, मानेखालची पोळी मोठी असते आणि अंगातली उष्णताही कमी तयार होते. त्यामुळे त्या बरंच सोसतात. परदेशी रक्त जितकं जास्त, तितका हा ताण लवकर सुरू होतो. म्हशीची गोष्ट वेगळी. तिला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षाही कमी आणि कातडी काळी, म्हणून तिला डुंबायला पाणी मिळालं तर त्याच्या तोडीचा उपाय नाही.

पहिली पायरी: हवा मोजा, मग गाय मोजा

नुसत्या तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं साधं यंत्र गोठ्यात, गाईच्या उंचीवर, ऊन आणि पाणी लागणार नाही अशा जागी टांगा. घराच्या भिंतीवरचा आकडा गोठ्यातला नसतो. या दोन आकड्यांवरून तापमान-आर्द्रता निर्देशांक काढतात:

निर्देशांक = (१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

यात तापमान अंश सेल्सिअसमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत घ्यायची. एकदा गणित करून तक्ता गोठ्यात चिकटवला की रोज आकडेमोड करावी लागत नाही. काही आकडे इथेच देतो. २४ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर निर्देशांक ७३ येतो. २७ अंश आणि ८० टक्क्यांना ७८. ३० अंश आणि ८० टक्क्यांना ८३. आता हे पाहा: ४० अंश तापमान पण आर्द्रता फक्त २० टक्के असेल, तर निर्देशांक ८४ च्या आसपास येतो. म्हणजे माणसाला जो दिवस ‘आज फार ऊन नाही’ असा वाटतो, तो ३० अंशांचा ढगाळ, चिकट दिवस गाईला रखरखीत ४० अंशांच्या दिवसाइतकाच जड जातो. दमट भागात ढगाळ दिवशी पंखे बंद ठेवण्याची सवय याच कारणाने महागात पडते.

जास्त दूध देणाऱ्या गाईंना ६८ पासून ताण जाणवायला लागतो. ७२ च्या पुढे बहुतेक दुभत्या गाईंवर परिणाम दिसतो, ८० च्या पुढे तो स्पष्ट असतो आणि ९० च्या पुढे जिवाला धोका असतो. या निर्देशांकात ऊन आणि वारा धरलेला नाही, हे विसरू नका. उन्हात उभ्या गाईला प्रत्यक्षात याहून जास्त सोसावं लागतं, वाऱ्यात उभ्या गाईला कमी.

यंत्रापेक्षा गाय खरं सांगते. तिच्या मागे-बाजूला, ती बिचकणार नाही इतक्या अंतरावर थांबा आणि बरगडीमागच्या भकाळीकडे बघा. भकाळी एकदा आत-बाहेर झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ४० च्या आत असेल तर गाय मजेत आहे. ६० ओलांडले की ताण सुरू झाला. ८० च्या वर गेले तर आत्ता, या क्षणी काहीतरी करायला हवं. १२० च्या वर, तोंड उघडं, जीभ बाहेर, मान पुढे ताणलेली आणि लाळेच्या तारा लोंबताहेत, ही आणीबाणी.

इथे एक फसवी गोष्ट आहे. बराच वेळ जोरात धापणारी गाय थकली की तिचा श्वास संथ आणि खोल होतो, पोटापासून हेलकावे देत चालतो. आकडा १२० वरून ७०-८० वर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं गाय सावरली. तोंड उघडंच असेल आणि श्वास खोल झाला असेल, तर ती सावरलेली नसून आणखी खालावलेली आहे.

शंका आली की गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान ठीक. ३९.२ च्या वर ताण. ४० च्या वर गंभीर. गाईच्या अंगातलं तापमान बाहेरच्या कडक उन्हाबरोबर चढत नाही, ते काही तास मागे असतं. दुपारच्या उन्हाचा परिणाम संध्याकाळी शिगेला पोचतो. म्हणून एक मोजणी दुपारी आणि एक दिवेलागणीनंतर करा. ऊन कललं म्हणून पंखे बंद केले जातात, नेमकी तेव्हाच गाईला त्यांची सगळ्यात जास्त गरज असते.

सगळ्या गाई थोड्याफार तापलेल्या असतील तर हवेचा दोष. एकच गाय ४०.५ अंशांवर आणि बाकीच्या ठीक असतील, तर तो उन्हाचा त्रास समजून तिच्यावर पाणी मारत बसू नका. गोचीडताप, काससुजी, गर्भाशयातला संसर्ग, काहीही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

दुसरी पायरी: प्यायचं पाणी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. दुभती गाय तापलेल्या दिवसात १०० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी पिऊ शकते, थंड दिवसांच्या जवळजवळ दुप्पट. दिवसातून दोनदा बादली दाखवून ही तहान भागत नाही. बांधलेल्या गाईसमोर २४ तास पाणी हवं. मोकळ्या गोठ्यात एका गटाला किमान दोन हौद हवेत, कारण एकच असेल तर दांडगी गाय त्याच्यापाशी ठाण मांडते आणि बिचाऱ्या कालवडी लांबून बघत राहतात. हौदाच्या काठाची प्रत्येक गाईमागे साधारण १० सेंटिमीटर जागा धरा.

गाय मिनिटाला १० ते २० लिटर पाणी सहज ओढते. धार काढून दहा गाई एकदम हौदावर आल्या तर बारीक नळाचा हौद पाच मिनिटांत कोरडा पडतो, शेवटच्या दोघी-तिघी न पिताच निघून जातात. म्हणून नळ जाड हवा किंवा हौद मोठा हवा. धार काढल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवर एक हौद असायलाच हवा, कारण दिवसातलं बरंचसं पाणी त्या वेळी आणि खाल्ल्यानंतर लगेच प्यायलं जातं.

हौदावर सावली करा. उन्हात पसरलेल्या काळ्या पाइपातून दुपारी येणारं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं, तो पाइप जमिनीत गाडा किंवा झाका. हौदाच्या आतल्या भिंतीवरून रोज बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर घासायची वेळ झाली. दमट गरमीत शेवाळ आणि लाळेचा थर दोन दिवसांत धरतो, आणि वास आला की गाय पाणी कमी पिते.

तिसरी पायरी: सावली

उन्हाची थेट झळ अडवली की गाईवर येणारा उष्णतेचा भार एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतो. एका मोठ्या गाईला ४ ते ५ चौरस मीटर सावली लागते. त्याहून कमी असेल तर गाई एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि एकमेकींना तापवतात.

छप्पर उंच हवं, बाजूला किमान ३ मीटर, मोठ्या गोठ्याला ४. बुटक्या पत्र्याखाली गाय उन्हातून वाचते आणि पत्र्याच्या झळीत सापडते. पत्रा बदलणं शक्य नसेल तर वरून पांढरा रंग द्या आणि खालून गवताचं, बांबूचं किंवा फोमचं अस्तर लावा. दुपारी पत्र्याखाली हात वर करून उभे राहा. तळहाताला झळ लागली तर गाईच्या पाठीलाही ती लागते आहे.

आढ्यावर गरम हवा निघायला फट ठेवा. गोठ्याच्या दर ३ मीटर रुंदीमागे ५ सेंटिमीटर फट हे चांगलं प्रमाण आहे. पक्क्या जमिनीवरच्या गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत कमी येतं. मोकळ्या मातीच्या आवारात नुसती सावलीची जाळी टाकायची असेल तर ती उत्तर-दक्षिण लावा. सावली दिवसभरात सरकते, त्यामुळे खालची ओल वाळते आणि चिखल होत नाही. दमट हवेत चिखल हे काससुजीचं आणि खुरांच्या दुखण्याचं मूळ आहे, म्हणून ही छोटी गोष्ट मी आवर्जून सांगतो. झाडाची सावली सगळ्यात उत्तम, पण गाईंनी मुळाशी शेण-मुताचा चिखल करू नये म्हणून खोडाभोवती कुंपण घाला.

चौथी पायरी: वारा

इथे पैसे आणि डोकं दोन्ही खर्च करा. कोरड्या हवेत पाण्याशिवाय भागत नाही, दमट हवेत वाऱ्याशिवाय.

आधी फुकटचा वारा मोकळा करा. बाजूच्या भिंती निम्म्याच्या वर उघड्या ठेवा. वाऱ्याच्या वाटेत रचलेल्या चाऱ्याच्या गंजी, उभा केलेला ट्रॅक्टर, दाट कुंपण, जुनी मोडकी गाडी हलवा. ओलं गोणपाट कोरड्या हवेत आत येणारा वारा गार करतं. दमट हवेत ते वारा अडवतं आणि आतली ओल वाढवतं. ते काढून टाका.

मग पंखे. गाईच्या अंगाजवळ सेकंदाला किमान २ मीटर वेगाचा वारा हवा. हे तपासायला यंत्र लागत नाही. पातळ प्लास्टिकची हातभर पट्टी काठीला बांधा आणि गोठ्यात फिरा. गाय उभी असते त्या उंचीवर धरा, मग खाली वाकून गाय बसते त्या उंचीवर, जमिनीपासून अर्धा मीटरवर धरा. वर पट्टी आडवी फडफडते आणि खाली ती सरळ लोंबते, असं बहुतेक गोठ्यांत दिसतं. म्हणजे उभ्या गाईला वारा आहे, बसलेलीला नाही. गाय शहाणी असते, ती बसतच नाही. एरवी दिवसाला १२ तास बसणारी गाय उभीच राहते, खुरं दुखावतात, रवंथ कमी होतो. पंख्याचं तोंड खाली झुकवलं की पट्टी खालीही हलायला लागते. २० अंशांचा झुकाव सहसा पुरतो.

पंख्याचा वारा पात्याच्या व्यासाच्या साधारण १० पट अंतरापर्यंत पोचतो. ९० सेंटिमीटरचा पंखा ९ मीटर, १२० सेंटिमीटरचा १२ मीटर. त्यापुढे दुसरा पंखा हवा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, जिकडून नैसर्गिक वारा येतो त्याच्याबरोबर. समोरासमोर लावलेले दोन पंखे मधल्या गाईला गरम हवेच्या भोवऱ्यात ठेवतात. जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास टांगा, म्हणजे गाय किंवा माणूस धडकणार नाही. वायर आणि बोर्ड पाण्यापासून लांब ठेवा आणि जमिनीत अर्थिंग नीट करून घ्या. ओल्या फरशीवर उभ्या गाईला माणसापेक्षा कमी विजेनेही झटका बसतो.

निर्देशांक ६८ ला पोचला की पंखे सुरू. दमट भागात बहुधा हे २१-२२ अंशांलाच घडतं, म्हणजे पहाटेसुद्धा. पात्यांवर आणि जाळीवर धूळ-कोळिष्टकं साठली की वारा बराच घटतो, महिन्यातून एकदा पुसा. पंखे मोजकेच असतील तर पहिला पंखा धार काढण्यापूर्वी गाई जिथे दाटीने उभ्या राहतात तिथे लावा, दुसरा व्यायला झालेल्या आणि ताज्या व्यालेल्या गाईंवर, मग गव्हाणीवर. धारेआधीची ती जागा गोठ्यातली सगळ्यात तापलेली जागा असते आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षितही. तिथे गाईंना अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त ताटकळत ठेवू नका.

पाचवी पायरी: अंगावर पाणी

पंखे लागल्याशिवाय इकडे वळू नका. वारा नसताना मारलेलं पाणी हवेत वाफ सोडतं, आर्द्रता चढते आणि पुढच्या तासाला गाय आधीपेक्षा जास्त धापते.

फॉगर आणि बारीक धुकं दमट हवेत टाळाच. ते हवा गार करायला असतात आणि ओल्या हवेत हवा गार होत नाही. शिवाय धुक्याचे बारीक थेंब केसांच्या टोकावर बसतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत, आणि ओल्या केसांचा तो थर आतली उष्णता उलट अडवून धरतो. लागतात ते मोठ्या थेंबांचे, कमी दाबाचे फवारे, जे कातडी भिजवतील.

रीत अशी: पाठ आणि खांदे कातडीपर्यंत भिजेस्तोवर फवारा, साधारण अर्धा ते एक मिनिट. मग फवारा बंद आणि पंख्याखाली अंग वाळू द्या. वाळलं की पुन्हा. कोरड्या भागात हा फेरा पाच मिनिटांचा असू शकतो. दमट हवेत वाळायला वेळ लागतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचाही लागेल. टायमरचा आकडा कुणाकडून उसना आणू नका. पाठीवरचे केस बोटांनी उलटे करून बघा. मुळाशी अजून ओल असेल तर पुढच्या फवाऱ्याची वेळ झालेली नाही. कोरडं लागलं आणि गाय अजून धापत असेल, तर फेरा लहान करा. बदल करायचा तो वाळण्याच्या वेळेत, भिजवण्याचा वेळ वाढवून काही हाती लागत नाही.

पाणी पोटावरून ओघळून कासेपर्यंत जायला लागलं की जास्त झालं. ओली कास आणि दमट हवा ही काससुजीला दिलेली आमंत्रणं आहेत. फवारे गव्हाणीच्या बाजूला, गाय खात उभी असते तिथे लावा आणि खालची फरशी पाणी वाहून जाईल अशा उताराची ठेवा. बसायच्या जागेवर पाणी पडता कामा नये. धार काढल्यावर सडांची तोंडं अर्धा-पाऊण तास उघडी असतात, त्या वेळात गाय कोरड्या जागी उभी राहील असं बघा. समोर ताजी वैरण टाकली की ती आपोआप उभी राहते.

पाठीवर ओलं पोतं टाकायची पद्धतही सोडा. पोतं वारा कातडीपर्यंत पोचू देत नाही आणि थोड्याच वेळात अंगाच्या उष्णतेने गरम होतं.

सहावी पायरी: खाणं

तापलेली गाय खाणं कमी करते, कारण खाल्लं की अंगात उष्णता तयार होते. पण दूध घटतं ते फक्त कमी खाण्याने नाही. अर्धीअधिक घट शरीर उष्णतेशी झगडताना आतल्या आत जे बदल करतं त्यामुळे येते. म्हणून गोठा तापलेला ठेवून नुसता खुराक वाढवल्याने दूध परत येत नाही.

वेळ बदला. खाल्ल्यावर काही तासांनी उष्णता जास्तीत जास्त निघते, म्हणून सकाळी नऊला भरपेट घातलेली वैरण ऐन दुपारी आतून तापवते. दिवसाच्या खाण्यातला ६० ते ७० टक्के भाग संध्याकाळनंतर आणि पहाटे द्या. चरायला सोडत असाल तर तेही पहाटे आणि रात्री. उरलेला वाटा थोडा थोडा, तीन-चार वेळा. ओली वैरण आणि मुरघास दमट गरमीत काही तासांत तापतो. गव्हाणीत हात घाला, आतून कोमट लागला तर तो काढा. बुरशी आलेली पेंड ‘थोडीशीच आहे’ म्हणून घालू नका, बुरशीचं विष दुधातही उतरतं.

चारा कोवळा, पचायला हलका द्या. जाड, जून चाऱ्यातून आंबताना जास्त उष्णता निघते. पण म्हणून चारा तोडून धान्य वाढवायचा मोह आवरा. धापणाऱ्या गाईच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड खूप निघून जातो. तोल सांभाळायला शरीर लघवीतून बायकार्बोनेट टाकतं, वर लाळ बाहेर गळून वाया जाते. म्हणजे कोठीपोटातलं आम्ल आवरणारं जे काही असतं ते दोन्हीकडून कमी होतं. अशा वेळी जास्त धान्य घातलं की आम्लता होते, शेण पातळ होतं, दुधातलं फॅट पडतं आणि पुढे लंगडेपण येतं. दिवसाला १५० ते २०० ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात मिसळून, दोन-तीन वेळांत विभागून द्या.

गाईच्या घामातून मुख्यतः पोटॅशियम जातं. माणसाचं तसं नसतं, त्याच्या घामातून मीठ जातं. म्हणून नुसती मिठाची ढेप ठेवून भागत नाही. एकूण कोरड्या खाद्यात पोटॅशियम १.५ टक्क्यांच्या आसपास, सोडियम ०.४ ते ०.५ आणि मॅग्नेशियम ०.३५ ते ०.४ टक्के असावं. खनिज मिश्रण निवडताना पिशवीवरचं हे प्रमाण वाचा. एक कडक अपवाद: व्यायला शेवटचे तीन आठवडे उरलेल्या गाईला सोडा आणि जादा पोटॅशियम देऊ नका, व्याल्यावर दुधाचा ताप, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार, येण्याची शक्यता वाढते.

बायपास फॅट, म्हणजे कोठीपोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारं फॅट, उपयोगी आहे, कारण ते ऊर्जा देतं आणि पचताना उष्णता कमी काढतं. दिवसाला २०० ते ३०० ग्रॅमपर्यंत, हळूहळू वाढवत. प्रथिनं गरजेपेक्षा जास्त घालू नका. जादाची प्रथिनं युरिया करून बाहेर टाकायला गाईला आणखी ऊर्जा जाळावी लागते.

आटवलेल्या गाई, वासरं, वळू

आटवलेली, म्हणजे व्यायच्या आधी धार काढणं बंद केलेली गाय, दूध देत नाही म्हणून मागच्या पत्र्याखाली, पंख्याविना बांधली जाते. उन्हाळ्यातला सगळ्यात महागडा निष्काळजीपणा हाच, असं माझं ठाम मत आहे. व्यायच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी नव्याने घडत असतात. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधनातून हे स्पष्ट झालं आहे की या काळात तापलेली गाय पुढच्या वेतात रोजचं काही लिटर दूध कमी देते. तिचं वासरू कमी वजनाचं जन्मतं, चिकातली रोगप्रतिकारक प्रथिनं त्याला नीट शोषता येत नाहीत, आणि ती कालवड असेल तर मोठी झाल्यावर तीही कमी दूध देते. दोन महिन्यांच्या पंख्याचं वीजबिल आणि हे नुकसान, शेजारी मांडून बघा.

वासरांना सावली, हलती हवा आणि दिवसभर स्वच्छ पाणी. फक्त दूध पाजतो म्हणून पाणी न ठेवणं चूक आहे. हगवण लागलेलं वासरू दमट उन्हाळ्यात काही तासांत खोल जातं.

वळूचं वीर्य तयार व्हायला दोन महिने लागतात. कडक उन्हाळ्यात तापलेल्या वळूचा परिणाम दीड-दोन महिने रेंगाळतो. गाईंचा माज या दिवसांत छोटा आणि मुका होतो, तोही बहुधा रात्री. रात्री नऊ-दहाला आणि पहाटे चारच्या सुमारास एक फेरी मारा. भरवल्यानंतरचे पहिले काही दिवस गर्भ उष्णतेला फार नाजूक असतो. पंखे अपुरे असतील तर नुकत्याच भरवलेल्या गाईला त्यांच्यापुढे जागा द्या.

लसीकरण, खुरं कापणं, जंतनाशक, गाडीत चढवणं ही कामं सकाळी नऊच्या आत उरका. नुसतं दावणीतून सोडून पळवल्यानेही गाईचं तापमान चढतं.

गाय कोसळलीच तर

तापमान ४१ अंशांच्या वर, पाय लटपटताहेत, तोंडाला फेस, किंवा गाय आडवी पडलेली. डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत हे करा.

तिला चालवत दुसरीकडे नेऊ नका. ती आहे तिथेच सावली करा, चादर-ताडपत्री चार माणसांनी धरली तरी चालेल. पाइप लावून डोकं, मान, पाठ, पोट, पाय असं सगळं अंग थंड पाण्याने भरपूर धुवा, थांबू नका. रोजच्या फवाऱ्याचा हिशेब इथे लागू नाही. इथे वाहतं पाणीच उष्णता ओढून नेतं. शेजारी जो मिळेल तो पंखा लावा, पाण्याच्या तोंडापासून लांब. गाय आडवी असेल तर तिला छातीवर बसती करा आणि टेकू द्या, म्हणजे पोट फुगणार नाही.

बादली समोर धरा, स्वतःहून पीत असेल तर पिऊ द्या. तोंडात बाटली घालून पाणी ओतू नका, अर्धवट शुद्धीतल्या गाईचं पाणी फुप्फुसात जातं. तापाची गोळी-इंजेक्शन मनाने देऊ नका. आजाराचा ताप आणि उष्माघात यांत अंग तापण्याची कारणं वेगळी आहेत, उष्माघातात ते औषध तापमान उतरवत नाही. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावा. ३९.५ अंशांवर आली की पाणी बंद करा, पंखा चालू ठेवा. तापमान पुन्हा चढू शकतं, म्हणून पुढचे काही तास मोजत राहा.

वाचलेल्या गाईला पहिल्या दिवशी फक्त चांगला चारा, सोडा आणि पाणी द्या. भूक परत आल्यावर ती अधाशासारखी खाते, खुराक एकदम पूर्ण दिला तर आम्लता ठरलेली. चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ववत करा. गाभण असेल तर गर्भाची तपासणी करून घ्या. गोठ्याच्या वहीत ती तारीख लिहा आणि तिच्यापुढे दोन-अडीच महिन्यांनंतरची दुसरी तारीखही. उन्हाळ्यात जास्त वेळ उभं राहिल्याने आणि आम्लतेने खुरात आत झालेली इजा तळव्यापर्यंत यायला तेवढा काळ लागतो. त्या सुमाराला खुरं तपासून, कापून घ्या, गाय लंगडायला लागायची वाट बघू नका.